झांजांची बॅग

टूरवरच्या मेटल बँडचा दिवस चोवीस तासांचा असतो आणि त्यातली फार तर चाळीस मिनिटं वाजवण्याची असतात. बाकी सगळं वजन उचलणं आणि वाट बघणं. मी ड्रम-टेक आहे. ड्रमसेटचे मोठे ढोल जिथे कार्यक्रम असेल तिथेच भाड्याने मिळतात, पण स्नेअर, डबल पेडल आणि झांजा प्रत्येक ड्रमर आपल्याच नेतो. त्या वाहायच्या, जोडायच्या, स्नेअरचं पान चावीने ताणून घ्यायचं. गाणं चालू असताना एखादा स्टँड सरकला तर अंधारात वाकून जागेवर आणायचा, आणि शेवटी सगळं खोलून परत भरायचं. मी लोकांना दिसलो तर समजायचं की काहीतरी बिघडलंय.

टूर म्हटलं की डोळ्यांसमोर बस येते, नाहीतर आयर्न मेडनचं विमान. १ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी आपला जगाचा दौरा मुंबईतून, बीकेसीच्या मैदानातून सुरू केला होता. स्वतःचं बोइंग ७५७, मागच्या सीटा काढून तिथे सामान भरलेलं, आणि पायलट खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. आमच्याकडे स्लीपर क्लास असतो. बर्थखाली बॅगा, बॅगांना साखळी, साखळीला कुलूप, आणि रात्री आळीपाळीने जागरण. विमानाने गेलो तर पंधरा किलोच्या मर्यादेत काय बसवायचं यावर काउंटरसमोर सगळ्यांच्या बॅगा उघड्या पडतात. एकदा मी तीन टी-शर्ट अंगावर चढवून गेलोय. विकायचे होते, काळे, एक्सेल.

विकायचे टी-शर्ट ही चेष्टेची गोष्ट नाही. बऱ्याच रात्री बँडच्या मानधनातून फक्त तिकिटं निघतात आणि जेवण टी-शर्टांतून निघतं. सगळ्यांचा अल्बम फुकटात फोनवर असतो, टी-शर्ट फोनवर घालता येत नाही.

साऊंडचेकची गंमत वेगळी. मोठ्या बँडचा आधी होतो, मग उलट क्रमाने खाली. त्यामुळे संध्याकाळी सर्वांत आधी वाजवणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत कमी वेळ येतो. बऱ्याचदा आम्हाला दहा मिनिटंही मिळत नाहीत. मग चाळीस मिनिटांचा कल्लोळ. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतात, पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे शंभरला पंधरा मिनिटं. मी झांजांच्या मागे बसतो. कानात बोळे घालतो, तरी टूरवरून आलो की दोन दिवस उशीवर डोकं ठेवलं की शिट्टी वाजत राहते.

आणि रस्ता ठरलेला: मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद, कधी गुवाहाटी-शिलाँग. मुंबईच्या मेटलवाल्यांना जर्मनी सापडली आहे. २००० साली सुरू झालेला डेमॉनिक रिझरेक्शन २०१४ मध्ये वाकनच्या महोत्सवात वाजवून आला. मराठवाडा मात्र कुणाला सापडलेला नाही. तमाशाच्या फडांचा रस्ता तिकडून जातो. नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन जत्रेची सुपारी देतात. आमच्या बाजूच्या लोह्याच्या माळेगावला तर खंडोबाच्या जत्रेत फडच उतरतात. आम्हाला कोण सुपारी देणार?

त्यामुळे आमचा बँड माझ्या गावाजवळून गेला तोसुद्धा अपघाताने. हैदराबादला कार्यक्रम होता, सोलापूरमार्गे जाणाऱ्या गाडीचं आरक्षण मिळालं नाही, म्हणून देवगिरी एक्सप्रेस घेतली. ती मनमाड, औरंगाबाद, परभणी, पूर्णा, नांदेड अशी जाते. पूर्णा आणि नांदेडच्या मध्ये चुडावा. तिथे ती थांबत नाही. दादांना फोन केला तर म्हणाले, "पूर्णेला चढतो, नांदेडला उतरतो. तेवढंच बोलणं होईल." सकाळी पूर्णेच्या फलाटावर ते हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन उभे होते.

आत आले, बसायच्या आधी बर्थखालून झांजांची बॅग जरा ओढून पाहिली आणि म्हणाले, "बारा किलो." आमच्या ड्रमरने ती विमानतळावर कितीदा तोललेली. तो बघतच राहिला, कारण आकडा बरोबर होता. दादांनी नांदेडच्या मोंढ्यात वीस वर्षं हमाली केली आहे.

त्याआधी ते हलगी वाजवायचे. आम्ही मातंग. हलगी आमच्या घरी हौसेने आलेली नव्हती. मयत असो, पोळा असो, देवीची मिरवणूक असो, निरोप आला की जायचं. सुगीला पायली-दोन पायली जोंधळे मिळायचे, लग्नात सगळ्यात शेवटची पंगत. विस्तवावर हलगी शेकून, एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी घेऊन दादा असे वाजवायचे की लोक अजून नाव काढतात, असं माय सांगते. मी कधी ऐकलं नाही. १९९४ च्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं आणि त्याच वर्षीच्या पोळ्याला दादांनी हलगी खुंटीवरून काढली नाही. त्या हंगामात मायला निंदणीला कुणी बोलावलं नाही. दादा नांदेडला पोती उचलायला गेले.

हे मी ड्रमरला केव्हातरी अर्धवट सांगितलं होतं. त्याने मोबाइलवर आमचं गाणं लावून इअरफोन दादांच्या कानात घातले. दादांनी पूर्ण ऐकलं. "लै पळतंय," म्हणाले, "पण हातात हाय पोरगं." आणि बोटांनी बर्थच्या कडेवर काहीतरी वाजवलं. फार तर दहा सेकंद. ड्रमर ताठ बसला. सेपल्टुरा हा ब्राझीलचा बँड. त्यांनी १९९६ च्या 'रूट्स' अल्बमसाठी शवांते आदिवासींसोबत कसं रेकॉर्डिंग केलं, ते तो भराभर सांगू लागला. मग म्हणाला, "काका, पुढच्या अल्बममध्ये एका गाण्यात तुम्ही हलगी वाजवा. नाव टाकू, पैसे देऊ."

तो मनापासून बोलत होता. मला तर त्या क्षणी ते गाणं ऐकूही यायला लागलं.

दादा म्हणाले, "नगं."

रागाने नाही, ताटात दुसरी भाकरी नको म्हणावं तसं. खिडकीबाहेर चुडाव्याचं स्टेशन आलं आणि सरकून गेलं. पाटी वाचायलाही वेळ मिळाला नाही.

जरा अवघडलो सगळेच. विषय बदलावा म्हणून मी त्यांना ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतराव्या वर्षी मशीनमध्ये दोन बोटांची टोकं गेली. मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांच्या जड आवाजावर आमचं सगळं संगीत उभं आहे. तो त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस होता.

"शेवटच्या दिवशी कामून गेला मग?"

"जेवायला घरी आला होता, परत जाणार नव्हता. आई म्हणाली, काम पुरं करून ये."

दादा हसले. "मायच ती." मग भाकरी सोडल्या. ठेचा ड्रमरला झेपला नाही.

नांदेड यायच्या आधी आम्ही दोघं दारात उभे होतो. लिंबगाव मागे पडलं होतं. दादांनी विचारलं, "तुझे पैसे किती ठरलेत?"

"ठरलेले नाहीत. टूर संपली की बघून देतात."

"बघून देतात," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तुला नगं म्हणता येतं का?"

गाडी फलाटाला लागली आणि ते उतरले. मला उत्तर द्यायला लागलं नाही, पण हैदराबादपर्यंत दुसरं काही सुचलंही नाही. बँडमधली पोरं वाईट नाहीत. माझ्या शेजारी बसून जेवतात, मला आडनाव विचारलेलं नाही, आजारी पडलो तेव्हा औषधं आणली. मेटलमध्ये सगळे एक, हे ती खरंच मानतात. फक्त हिशेबाच्या वेळी चौघांचे भाग ठरलेले असतात आणि माझा बघून असतो. बघून देणाऱ्याची दानत चांगली असली तरी ते पायलीच्या मापासारखंच वाटायला लागलं होतं.

कार्यक्रम जोरात झाला. शेवटच्या गाण्याला लोकांनी गोल करून धुमश्चक्री घातली, कुणी पडलं की बाकीचे हात देऊन उठवत होते. रात्री दीड वाजता स्नेअर पुसून ठेवताना मी गिटारिस्टला सांगितलं की पुढच्या टूरला दिवसाचा दर आधी ठरवायचा आणि निम्मे पैसे तिकिटं काढतानाच द्यायचे. दर ठरला नाही तर मी येणार नाही.

तो म्हणाला, "अरे, आपल्यात हे कधीपासून?"

"आजपासून."

ड्रमर झांजा बॅगेत भरत होता. खरं तर ते माझं काम. त्याने चेन लावली, बॅग उचलून बघितली आणि मला म्हणाला की आकडा तू सांग, आम्ही नाही. मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो. आधी दादांना विचारायचं होतं, वजनाचा भाव त्यांना कळतो.