'जातो' नव्हे, 'येतो'

गोव्यातल्या जुन्या माणसांना 'घर बंद करून जाणं' ही कल्पनाच पटत नाही. तुळशीपुढे दिवा लागायला हवा, देवाला नैवेद्य हवा, म्हणजे घरात कुणीतरी हवंच! त्यामुळे बाहेरगावी जाताना कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या आजोबांना आयुष्यात पडला नसावा. कुत्रं अंगणातलं. लग्नकार्याला सगळं घर गेलं तरी एखादी म्हातारी मागे असायची, नाहीतर शेजारची आक्का दोन वेळ पेज किंवा उरलेलं शीत-हुमण घालायची. झालं बोर्डिंग!

आता वाड्यावरून चक्कर मारा. कितीतरी दारांना कुलपं दिसतील. मुलं पुण्याला, बंगलोरला, दुबईला, लंडनला. मागे राहिलेली कुत्री काही दिवस फाटकापाशी बसतात, मग हळूहळू सगळ्या वाड्याची होतात, म्हणजे कुणाचीच राहत नाहीत.

आमचा टायगर तसा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. (गोव्यात गल्लीगल्लीत एक टायगर असतो, त्यातलाच हा.) सात वर्षांपूर्वी फोंड्याच्या बाजारातून भर पावसात त्यांनी ते गावठी पिल्लू पिशवीत घालून आणलं. संध्याकाळी बल्कावात अण्णा पेपर वाचत बसायचे आणि हा त्यांच्या पायाशी. दोन वर्षांपूर्वी श्रावणात अण्णा तपकिरी बॅग घेऊन गाडीत बसले आणि इस्पितळात गेले. बॅग परत आली, अण्णा आले नाहीत. टायगर कितीतरी दिवस फाटक सोडायला तयार नव्हता. तेव्हापासून घरात कुणी बॅग काढली की हा जेवण टाकायचा आणि उंबऱ्यावर आडवा पडायचा.

अशात फेब्रुवारीत इंदूरला भाचीचं लग्न निघालं. मडगावहून मुंबई, मुंबईहून इंदूर, लग्न, मग दोन दिवस नातेवाइकांकडे... म्हणजे आठ-नऊ दिवस. आईही येणार. आक्का आता ऐंशीच्या पुढे, तिच्याच्याने होणार नाही. मेहुणीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. रेल्वेतून न्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे आपल्या नावावर हवा, नाहीतर कुत्र्याने गार्डच्या डब्यातल्या पेटीतून जायचं. ते काही मनाला येईना. राहता राहिलं कुत्र्यांचं बोर्डिंग. आक्काने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "सुण्याक हॉटेल कित्याक रे?"

आम्ही दोन जागा पाहिल्या. पहिल्या ठिकाणी मागची बाजू दाखवायलाच तयार नव्हते, 'फोटो पाठवतो' म्हणाले. तिथून तसेच परतलो. दुसरी जागा घरापासून तासाभरावर. नवरा-बायको तिथेच राहतात, म्हणजे रात्री माणूस असतो. फाटकं दोन, एकामागे एक, म्हणजे एक उघडलं तरी कुत्रं रस्त्यावर जात नाही. फरशी कोरडी, हवा खेळती, वास नाही. मला आवडलं ते असं की त्यांनीच आमची उलटतपासणी घेतली. लसींचं कार्ड कुठे? जेवताना जवळ गेलं तर गुरगुरतो का? फटाक्यांना घाबरतो का? तुमचा डॉक्टर कोण, रात्री फोन उचलतो का? मंडळी, जिथे कुणी काही न विचारता कुत्रं ठेवून घेतात, तिथे ठेवू नये!

तयारीला हाताशी सहा आठवडे होते. लसींचं काम सोपं. रेबीजची लस घ्यायचीच. गोवा सरकारने 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केलं, पण ते टिकतं लसींच्याच जोरावर. डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टोची एकत्र लस दरवर्षी असतेच. नवीन होती ती केनेल कफची. अनेक कुत्री एका छपराखाली आली की हा खोकला हवेतून पसरतो. लस घेतली म्हणजे होणारच नाही असं नाही, पण झाला तर सहसा जोर कमी असतो. डॉक्टरांनी ती जाण्याआधी निदान दोन आठवडे द्यायला सांगितली. जंताचं औषध झालं, गोचिडांचं झालं. आमच्या दमट हवेत गोचीड बारा महिने, आणि एकाची गोचीड दुसऱ्याच्या अंगावर जायला कितीसा वेळ!

अवघड होती ती बॅग.

इथे आमच्या सौ.चं डोकं चाललं. तिने माळ्यावरची तपकिरी बॅग काढली आणि रिकामीच, उघडी, हॉलमध्ये ठेवून दिली. कुठे जायचं नाही, यायचं नाही. टायगर उंबऱ्यावर जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी तिने त्यात त्याचं जुनं कांबळं टाकलं. मग जेवणाचं ताट रोज वीतभर बॅगेकडे सरकवायला सुरुवात केली. बोलावणं नाही, ओढणं नाही. नवव्या दिवशी स्वारीने बॅगेशेजारी बसून भात संपवला. मग मी बॅग उचलून फाटकापर्यंत जायचो आणि परत यायचो. मग गाडीत टाकून बाजारापर्यंत, अर्ध्या तासाने परत. मग टायगरसकट बोर्डिंगला, तीन तास ठेवून परत. मग एक रात्र.

हे करताना जाणवलं की आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. कोकणीतही 'येतां हां'. परत येण्याचं वचन देऊनच माणूस पाऊल बाहेर टाकतो. आईने हे किती वेळा मला दटावून शिकवलं! पण कुत्र्याला 'येतो' कसं सांगणार? त्याला व्याकरण नाही. त्याला 'येतो' कळायचं तर जाऊन यावं लागतं. पुन्हा जावं लागतं, पुन्हा यावं लागतं. त्या सहा आठवड्यांत आम्ही टायगरला एवढा एकच शब्द शिकवत होतो.

महाभारतात धर्मराजाने मागून आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला नकार दिला. लहानपणी कीर्तनात हे ऐकताना डोळ्यांत पाणी यायचं. आता वाटतं, तो स्वर्ग होता, तिथून परत येण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून सोडणं हे सोडणंच होतं. आम्ही जाणार इंदूरला. टाकून जाणं वेगळं आणि ठेवून जाणं वेगळं. मधला फरक म्हणजे या तयारीची मेहनत.

निघायच्या दिवशी सामान बांधलं. त्याचंच जेवण आठ दिवसांचं आणि वर दोन दिवसांचं जास्त, कारण जागा नवी आणि अन्नही नवं झालं तर पोट बिघडतं. न धुतलेलं कांबळं, आणि माझा अंगातला एक जुना शर्ट, वासासाठी. एका कागदावर जेवणाच्या वेळा आणि डॉक्टरांचा नंबर. आईने माणसाच्या हातावर ठेवतात तसं चमचाभर दही त्याच्या ताटलीत ठेवलं. त्याने ते एका फटक्यात चाटलं. बोर्डिंगच्या बाईंनी बजावलं होतं की निरोप लांबवू नका, गळ्यात पडून रडू नका, तुमची घालमेल त्याला कळते. फाटकाशी त्याची दोरी त्यांच्या हातात दिली, "येतो रे" म्हटलं आणि निघालो. गाडीत चाळीस मिनिटं कुणी बोललं नाही.

पहिला दिवस तो जेवला नाही. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की बऱ्याच कुत्र्यांचं असं होतं, पण दोन दिवस उलटले तर डॉक्टरांना बोलावू. दुसऱ्या संध्याकाळी, इंदूरच्या सराफ्यात आम्ही भुट्ट्याचा कीस खात असताना फोन आला. "जेवला. शर्टावर झोपलाय." सौ.ने तिथेच डोळे पुसले.

नऊ दिवसांनी आणायला गेलो. भुंकून भुंकून आवाज बसला होता, वजन थोडं उतरलं होतं, पण शेपूट थांबत नव्हतं. आमचे हात हुंगले, बॅग हुंगली. मग गाडीपाशी गेला आणि मागच्या सीटवर आणखी कुणी आहे का ते नीट बघून आला. आम्ही तिघंही गप्प. 'आपण परत येतो' एवढंच त्याला शिकवणं आमच्या हातात होतं.

घरी येऊन दोन दिवस नुसता झोपला. तेही नेहमीचंच, काळजी नको.

असो. चवथीला मूळ घरी जाणाऱ्यांनी जागा आताच बघून ठेवा. त्या दिवसांत अख्खा गोवा हलतो आणि बोर्डिंगं महिनाभर आधी भरतात. निदान एक रात्र आधी नक्की ठेवून बघा. आणि हो, बॅग आजच माळ्यावरून खाली काढा.