हाताच्या मापाचा माउस

विसावलेल्या हाताला स्वतःचा एक आकार असतो. दंड अंगालगत सैल सोडला, कोपर काटकोनात आणले आणि पंजा टेबलावर अलगद टेकवला, की तो पुरता पालथा पडत नाही. करंगळीच्या कडेवर कलतो. बोटे किंचित मिटतात, अंगठा वर राहतो, तळव्यात एखादे लिंबू मावेल एवढी पोकळी उरते. पाण्याचा पेला उचलताना, जात्याचा खुंटा धरताना, कोणाचा हात हातात घेताना पंजा याच बेताने पुढे येतो. हाताला सोसणारा माउस म्हणजे हा आकार कमीत कमी मोडणारा माउस. किंमत, रंग, बटणांची संख्या हे सगळे त्यानंतरचे.

बोटांच्या हालचालीमागची बरीचशी ताकद बोटांत नसतेच. त्यांना मिटवणारे आणि उघडणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. तिथून निघालेल्या दोरीसारख्या कंडरा मनगट ओलांडून पेरांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचे हात वरून हलावेत तशी बोटे दुरून हलतात. या सगळ्या दोऱ्यांची वाट मनगटातून आहे. मनगटात आठ लहान हाडांची कमान असते आणि तळव्याच्या बाजूने तिच्यावर एक चिवट पट्टा ताणलेला असतो. दोहोंमधल्या अरुंद बोगद्याला कार्पल टनेल म्हणतात. त्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची स्पर्शाची जाणीव त्या मज्जातंतूवर अवलंबून असते. मनगट सरळ असले की या गर्दीत सगळ्यांना वाट मिळते. ते वर किंवा खाली मुडपले की बोगद्यातला दाब वाढतो.

सपाट माउस हाताकडून चार गोष्टी मागतो. पहिली, पंजा पूर्ण पालथा करणे. कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे अंगठा वर असताना जवळजवळ समांतर असतात. पंजा पालथा होताना अंगठ्याकडचे हाड करंगळीकडच्या हाडावरून तिरके येते, आणि तो पीळ काम चालेल तोवर धरून ठेवावा लागतो. दुसरी, मनगट मागे उचलणे. माउसची पाठ उंच आणि टेबलाची कड टणक असली की ते आणखी उचलले जाते. तिसरी, पंजा करंगळीच्या दिशेने वाकवणे. चौथी मागणी दिसत नाही, पण सर्वांत महाग पडते: क्लिक करण्याच्या तयारीत बोट तासन्‌तास अधांतरी ठेवणे. भरलेली पिशवी हातात घेऊन नुसते उभे राहिले तरी हात भरून येतो. स्नायू आखडतो आणि सैलावतो तेव्हा त्यातून रक्त खेळते. तो आखडलेलाच राहिला की ते खेळणे मंदावते. माउस धरून बसलेल्या हाताचे कोपराखालचे मांस संध्याकाळी दुखते ते बहुधा यामुळे.

माउसचा पहिला नमुना १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची आणि बांधणी बिल इंग्लिश यांची. तो एक लाकडी ठोकळा होता. खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. पुढे चाकांच्या जागी गोळी आली आणि माउसच्या पोटातली बरीच जागा तिनेच व्यापली. १९९९ च्या सुमारास टेबलाचा पृष्ठभाग प्रकाशाने वाचणारे माउस घराघरांत पोहोचू लागले. त्यांचा संवेदक बोटाच्या पेराहून लहान. आत जागा मोकळी झाली तसे वरचे कवच हाताच्या कलाने घडवणे सोपे झाले. म्हणूनच आज दुकानात कलते, उभे, बसके, गोळीचे असे नाना आकार मांडलेले असतात, आणि निवड करणे भाग पडते.

पहिली पारख मापाची. खुरप्याला किंवा कुदळीला दांडा बसवताना तो ज्याच्या हातात राहायचा त्याच्या मुठीत धरून पाहतात; माउसलाही तोच न्याय लागू आहे. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. साधारण सतरा सेंटिमीटरपर्यंतचा हात लहान, एकोणीसच्या पुढचा मोठा, मधला मध्यम असे ढोबळ गणित चालते. लहान हातात मोठा माउस आला की बोटे ताणून बटणांवर पोहोचवावी लागतात. मोठ्या हातात लहान माउस आला की बोटे चिमटीसारखी आखडतात आणि तळव्याला टेकू उरत नाही. घरात एकाच संगणकावर तिघेचौघे काम करत असतील, तर एकाच माउसने सर्वांचे भागवण्यापेक्षा दोन मापांचे माउस ठेवणे हाताच्या हिताचे. लॅपटॉपच्या पिशवीत मावावा म्हणून घेतलेला इवलासा माउस प्रवासापुरता ठीक. रोजच्या आठ तासांना तो पुरत नाही.

दुसरी पारख पकडीची. काही जण पूर्ण तळवा माउसवर टेकवतात, काही बोटे उभी करून धरतात, काही फक्त बोटांच्या टोकांनी हलवतात. तळवा टेकवणाऱ्याला पाठ भरीव आणि लांब हवी, म्हणजे हाताचे वजन माउस पेलतो. टोकांनी हलवणाऱ्याला बसका, हलका माउस बरा. पकड कुठलीही असो, अंगठा आणि करंगळी यांनी माउस दाबून धरावा लागू नये. कडांना हलकी खोबण असेल तर ती दोन्ही बोटे आवळल्याविना राहतात.

तिसरी पारख कलाची. उभा माउस पंजाला खुंट्यासारखा धरता येतो. अंगठा वर, करंगळी टेबलालगत. त्याचे कोन वेगवेगळे असतात. लॉजिटेकच्या २०१८ च्या एमएक्स व्हर्टिकलमध्ये तो सत्तावन्न अंशांचा आहे. अशा माउसने पालथेपणाचा पीळ निश्चित कमी होतो. दुखणे थांबेलच असे मात्र नाही. क्लिक करताना बोट आडवे दाबले जाते आणि अंगठ्याने उलट बाजूने आवळण्याची खोड लागली, तर ताण एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. बारीक रेखाटनाच्या कामात सुरुवातीला नेमही चुकतो. आठवडा-दोन आठवडे तो दिवसाचे एक-दोन तास वापरून हाताला वळण लावावे, मग पूर्णवेळ घ्यावा.

ट्रॅकबॉलची तऱ्हा निराळी. माउस जागेवर स्थिर राहतो आणि बोटाने फक्त गोळी फिरते, त्यामुळे खांदा आणि मनगट शांत राहतात. टेबल अरुंद असेल किंवा खांदा दुखत असेल तर तो उपयोगी पडतो. मात्र अंगठ्याने फिरवायची गोळी सारे काम अंगठ्यावर टाकते. अंगठ्याच्या बुडाशी आधीच दुखत असेल तर तर्जनी आणि मधल्या बोटाने फिरवायची मोठी गोळी घ्यावी.

डावखुऱ्यांची अडचण वेगळी. हाताच्या आकाराने घडवलेले बहुतेक माउस उजव्या हाताचे असतात. डाव्या हाताचे नमुने थोडे मिळतात. ते न मिळाल्यास दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस घेऊन संगणकात बटणांची अदलाबदल करावी. उजव्या हाताचे दुखणे वाढलेल्यांनाही डाव्या हाताला थोडे थोडे काम शिकवता येते.

दुकानात माउस नुसता बोटांनी चाचपून काही कळत नाही. खुर्चीवर बसून, कोपर टेकवून, दहा मिनिटे हात त्यावर ठेवावा. बटण हलक्या दाबाने दबते का, चाक तर्जनी न ताणता फिरते का, माउस सरकताना ओढावा लागतो का, हे पाहावे. तारेचा माउस घेतल्यास तार मऊ हवी. कडक तार हाताला सतत मागे खेचते. पडद्यावरचा बाण जरा वेगाने फिरेल असे ठेवले की हाताचा पल्ला कमी होतो, पण तो इतका वेगवान नको की नेमक्या जागी थांबवायला बोटे आवळावी लागतील.

चांगला माउस चुकीच्या जागी ठेवला तर वाया जातो. अंकांचे खाने असलेला रुंद कीबोर्ड माउसला दूर उजवीकडे ढकलतो आणि खांदा बाहेर ताणला जातो. अंकांची गरज नसेल तर आखूड कीबोर्ड घेणे हा खांद्यावरचा भार उतरवण्याचा सोपा उपाय आहे. टेबल कोपराच्या उंचीला असावे, कोपराखालचा हात टेकलेला असावा, आणि हालचाल मनगटातून न करता कोपरातून करावी. माउसपॅडवरच्या मऊ उशीवर मनगट टेकवून माउस हलवल्यास उशी नेमकी त्या बोगद्यावर दाबते. तिचा उपयोग हात थांबलेला असतानाच.

इतके करूनही एकाच स्थितीत बराच वेळ बसलेला हात थकतोच. दर अर्ध्या तासाने माउस सोडून मूठ उघडावी-मिटावी, दंड खाली सोडावा, शक्य तिथे कीबोर्डवरूनच काम उरकावे. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येणे, पंजा बधिर होणे, हातातून वस्तू निसटणे ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. करंगळी बधिर होत असेल तर दाब दुसऱ्या मज्जातंतूवर आहे. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांतही कार्पल टनेलचा त्रास होतो. तेव्हा माउस बदलून वाट पाहत बसणे हाताला महाग पडू शकते.

निवड बरोबर आली की नाही, ते दिवसाच्या शेवटी कळते. संगणक बंद केल्यावर पंजा टेबलावर टेकवावा. तो सकाळी होता तसाच करंगळीच्या कडेवर सैल कलला, बोटे आपोआप मिटली आणि तळव्यात लिंबाएवढी पोकळी उरली, तर तो माउस त्या हाताचा आहे.