तिसरा पंप

माझी गाडी जुनी आहे हे सांगताना पूर्वी मला थोडा संकोच वाटत असे. आता वाटत नाही. पंचावन्नी ओलांडल्यावर माणसाला जुन्या वस्तूंबद्दल एक प्रकारची बंधुभावना वाटू लागते. गाडी २००४ सालची, डिझेलवर चालणारी. मी ती २०१२ साली दुसऱ्या हाताने घेतली. कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. कारण पुढे जे घडले त्यात दोष गाडीचा नव्हता, आणि उगाच कोणाचे नाव खराब करण्याचा आम्हा मास्तर लोकांचा जुना रोग आहे. या लेखाचा विषयही खरे म्हणजे तोच आहे.

२०२४ सालच्या दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही दोघे सावंतवाडीला निघालो होतो. सावंतवाडी हे सौभाग्यवतींचे माहेर. बेळगावहून आंबोलीपर्यंत प्रवास सुखाचा झाला. आंबोलीत चहा घेतला आणि घाट उतरू लागलो. दोन-तीन वळणे घेतली असतील नसतील, ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगडासारखे घट्ट! पाय दाबतो आहे, पेडल हलत नाही, आणि समोर वळण. सारा जोर एकवटून दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला. गाडी कठड्यापासून चार हातांवर थांबली. मिनिटभर कोणीच बोलले नाही. मग सौभाग्यवतींनी दार उघडले, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही या सावकाश. मी चालत येते."

अखेर त्यांना एका एस.टी.त बसवून दिले आणि मी पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने दाणोलीपर्यंत उतरलो. दोन दिवसांनी परतताना त्या पुन्हा एस.टी.नेच आल्या, हे निराळे सांगायला नको.

काय बिघडले, हे मला तिथेच कळले होते. व्हॅक्यूम पंप. कारण हे तिसऱ्यांदा होत होते. २०१७ साली एकदा, २०२१ साली पुन्हा. प्रत्येक वेळी मी जवळच्या गॅरेजात गेलो, नवा पंप बसवला, पैसे दिले आणि तेच वाक्य ऐकले : "या पंपाचं असंच असतंय बघा सर. टिकत न्हाई." मीही ते वाक्य चारचौघांत सांगू लागलो होतो. एकदा शिक्का बसला की विचार करायचे कष्ट वाचतात.

मी मराठीचा एम. ए. यंत्रातले मला फारसे कळत नाही. पण या वेळी जीव घाबरला होता. म्हणून आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले की, ब्रेकला हवा नसलेला पंप हवाच कशाला? त्यांनी खडू घेऊन फळ्यावर काढून दाखवले. ब्रेकच्या पेडलमागे पत्र्याचा एक मोठा डबा असतो. त्याच्या आत एक पडदा. एरवी पडद्याच्या दोन्ही अंगांना हवा काढून टाकलेली असते. आपण पेडल दाबले की एका अंगाला बाहेरची हवा शिरते, आणि ती पडद्याला पुढे रेटते. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ झाले ३१४ चौरस सेंटिमीटर; दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलोचा फरक धरला, तरी सुमारे २२० किलोंचा रेटा आपल्या पायाच्या मदतीला येतो. जर्मनीतल्या मॅग्डेबर्गच्या ओटो फॉन गेरिकने १६५० च्या सुमारास हवा काढणारा पंप केला आणि पुढे धातूचे दोन अर्धगोल जुळवून, त्यांतली हवा काढून, ते घोड्यांनाही ओढून सुटत नाहीत हे लोकांना दाखवले. आपल्या पायाखालीही तीच हवा काम करते. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, त्यामुळे ही पोकळी आयतीच मिळते. डिझेलच्या जुन्या इंजिनात तशी झडप नाही, हवा मोकळी आत जाते. म्हणून पोकळी करायला वेगळा पंप लागतो. तो मेला तरी ब्रेक जात नाहीत. जाते ती मदत. मग माणसाला एकट्याच्या पायाने गाडी थांबवावी लागते.

मदत गेली की किती जोर लावावा लागतो, हे मला घाटात समजले होते.

या खेपेस कोणीतरी उद्यमबागेतल्या एका वयस्कर मिस्त्रींचे नाव सुचवले. मी नवा पंप विकत घेऊनच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खोके उघडलेसुद्धा नाही. विचारले, "ह्यो कितवा?"

"तिसरा."

"पंप काय, कोणीबी बदलंल की. आदला का मेला, ते कोणी बघितलं काय?"

मी गप्प राहिलो. त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, पट्टा ढिला केला, आल्टरनेटर खाली उतरवला. माझ्या गाडीत हा पंप आल्टरनेटरच्या पाठीवरच बसतो आणि त्याच्याबरोबरच फिरतो. त्यांनी पंप उघडून दाखवला. मधल्या चाकाला खाचा, आणि त्या खाचांत सरकणाऱ्या चपट्या पट्ट्या. चाक फिरले की पट्ट्या बाहेर सरकून भिंतीला घासतात आणि हवा पुढे लोटतात. घासायचे तर तेल हवे. इंजिनातले तेल एका बारीक नळीने तिथे येते, तेच पट्ट्यांना वंगण देते आणि फटही बुजवते. माझ्या पंपाच्या पट्ट्यांच्या कडा झिजल्या होत्या, भिंतीवर चरे पडले होते. आतून जवळजवळ कोरडा.

मिस्त्रींनी ती नळी सोडली, तोंडाशी एक वाटी धरली आणि पोराला इंजिन फिरवायला सांगितले. वाटीत दोन थेंब पडले. मग त्यांनी नळीच्या टोकाचा पोकळ बोल्ट काढून माझ्या हातात दिला. "उजेडाकडं धरा." मी धरला. आरपार दिसायला हवे ते भोक काळ्या चिकट घाणीने बुजले होते.

"तेल कधी बदलतासा?"

खरे सांगायचे तर, "अजून बरे दिसते" म्हणून मी ते लांबवत असे. सात हजार किलोमीटरचे बारा हजार, कधी तेरा.

"इंजनाच्या मोठ्या वाटा चालू हायत म्हणून तुम्हाला कळलं न्हाई. घाण बसत्या ती पहिल्यांदा बारीक वाटंत. पंपाचा काय दोष? त्याला तेलच पोचंना."

नळी त्यांनी बदलली, बोल्ट बदलला, तांब्याच्या नव्या चकत्या घातल्या. नव्या पंपात आधी थोडे तेल सोडून तो हाताने फिरवला. "पहिल्याच फेऱ्याला कोरडा फिरला तर तिथंच मरतोय," म्हणाले. नवी रबरी रिंग, ताणून बसवलेला पट्टा, आणि इंजिनातले सारे तेल नवे. मापकाचा काटा ६२० मिलिमीटरवर जाऊन थांबला. शेवटी त्यांनी मला परीक्षा शिकवली : इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबायचे, मग ते दाबून धरून इंजिन सुरू करायचे. पेडल पायाखाली थोडे खाली गेले तर मदत पोचली. ते गेले.

माझ्या हातातल्या बॅगेत त्या दिवशी नववीच्या सहामाहीचे गुणपत्रक होते. त्यातला एक मुलगा त्या वर्गात दुसऱ्या वर्षी बसलेला. आदल्या वर्षी त्याच्या प्रगतिपुस्तकावर मीच लिहिले होते, "अभ्यासात लक्ष नाही. वर्गात झोपतो." या वेळीही तेच लिहायचे ठरले होते. शिक्षकांच्या खोलीतले मत तर केव्हाच ठरून गेले होते : "त्याचं असंच आहे, सर."

मुलगा तोच, वर्ग तोच, बाके तीच. आम्ही त्याला खाली उतरवून पुन्हा तिथेच बसवला होता, आणि आदले वर्ष का वाया गेले हे कोणी बघितले नव्हते. तीस वर्षांच्या नोकरीत अशी किती मुले मी बसवली असतील, ही आकडेमोड मी घरी येईपर्यंत करत होतो. ती पुरी करण्याचे धैर्य झाले नाही.

शाळा उघडल्यावर त्याला बोलावून घेतले. रागावलो नाही, एवढेच विचारले, "पहाटे किती वाजता उठतोस?" तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "तीनला." वडील वर्षभर अंथरुणाला खिळलेले. गावातून भाजीचा टेम्पो बेळगावच्या मार्केटला जातो. हा पोते चढवायला आणि उतरवायला जात होता. तिथून थेट शाळेत. दीड वर्ष. आम्हाला कोणाला माहीत नव्हते, कारण आम्ही विचारले नव्हते.

पुढे मी फार मोठे काही केले नाही. टेम्पोवाल्याला भेटलो; तो भला माणूस निघाला, त्याने दुसरा गडी बघितला. चार शिक्षकांनी मिळून त्या घराच्या किराण्याचा भार उचलला. विज्ञानाच्या सरांनी त्याला संध्याकाळी तासभर बसवून घेतले. मार्चमध्ये तो नववी पास झाला, काठावर.

यंदा तो दहावीत आहे. गाडीचे तेल मी आता सात हजारांच्या आतच बदलतो, आणि सौभाग्यवती गणपतीत माझ्याबरोबर आंबोलीचा घाट गाडीतूनच उतरल्या. मुलाच्या बाबतीत एवढेच खात्रीने सांगतो की, पहिल्या तासाला तो जागा असतो.