रुमाल आणि जागा

धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली, की खिडकीतून रुमाल टाकण्यात माझा हात कुणी धरणार नाही! पण एकदा जागा मोकळी पाहिली, रुमाल टाकला, आणि दारातून आत शिरेपर्यंत एक गृहस्थ माझ्या रुमालावरच बसलेले. पारोळा, एरंडोल मी उभ्यानेच पाहिले.

तीच फजिती पुढे संगणकावर झाली. जळगावच्या एका केळीच्या व्यापाऱ्यासाठी मी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला होता. मधल्या बेरजा ठेवायला तो एक तात्पुरती फाइल करी. नाव ठरलेले. त्या नावाची फाइल नाही ना, हे आधी पाहायचे, मग ती करायची. एके दिवशी दोन कारकुनांनी एकाच क्षणी पावती काढली. दोघांनाही जागा मोकळी दिसली. आणि एका शेतकऱ्याच्या पावतीवर दुसऱ्याची रक्कम छापली गेली. त्याला परत बोलावले, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, मशीन चुकत नाही म्हणतात ना?"

मशीन चुकले नव्हते. मी चुकलो होतो. युनिक्समध्ये 'एमकेस्टेम्प' नावाची सोय आहे. ती नावात सहज ओळखता न येणारी अक्षरे घालते, म्हणजे कुणा खोडसाळाला आधीच सापळा लावता येत नाही. पाहणे आणि करणे ती एकाच दमात उरकते. नाव घेतलेले असेल, तर दुसरे शोधते. शिवाय फाइल मालकाखेरीज इतरांना उघडत नाही. काम झाल्यावर ती पुसणे मात्र आपल्याकडे.

हल्ली मी रुमाल टाकत नाही. आत शिरतो आणि बसतो.