जागल्या

शहादा-तळोद्याकडच्या कपाशीत काठीला टांगलेलं प्लास्टिकचं नरसाळं दिसतं. खाली लांब पिशवी, टोक सुतळीने आवळलेलं. हा कामगंध सापळा. पीक वाढेल तशी काठीवरची गाठ वर सरकवायची. शेंड्यापेक्षा तो हातभर वर हवा, पानांत बुडालेला जागल्या काय कामाचा!

झाकणाखाली रबराची एवढीशी गोळी असते. तिला गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा गंध लावलेला. आपल्या नाकाला काही कळत नाही. रात्री नर त्या गंधामागे येतात, नरसाळ्यातून घसरून पिशवीत अडकतात. सकाळी गाठ सोडली की तळहातावर करडे-तपकिरी पतंग पडतात, गव्हाच्या दाण्याहून थोडे मोठे, आणि बोटांना राखेसारखी भुकटी लागते. ते मोजायचे. सलग तीन रात्री आठ-आठ निघाले, की धोक्याची पातळी आली.

दिवस मोजकेच हाती असतात. अंड्यातून निघालेली अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि बोंड बाहेरून हिरवंगार. फुलाची डोमकळी झालेली दिसते तेव्हा ती आत बसलेलीच असते. 2017 साली बीटी बियाण्यावर भिस्त ठेवलेल्या राज्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी बोंडं फोडली आणि आत किडकी सरकी पाहिली.

2009 पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-सर्वेक्षण आणि सल्ल्याचा प्रकल्प चालतो. ठरावीक शेतांतली मोजणी संगणकात जाते, शेजारच्या गावांच्या आणि मागच्या आठवड्यांच्या आकड्यांशी ताडली जाते, आणि हल्ला कुठे वाढतोय ते नकाशावर उमटतं. त्यावरून सल्ला निघतो. या नकाशाचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्याला पतंग दिसतात ते या पिशवीतूनच. वास उडालेल्या गोळीखालचा शून्य आणि पतंगच नसलेल्या शेतातला शून्य, संगणकाला दोन्ही सारखेच. शेतात न जाता घरी बसून भरलेला आकडाही त्याला खराच वाटतो, आणि त्या आकड्याच्या भरवशावर एखादं गाव फवारणीविना राहतं.

म्हणून जाणता माणूस गोळी बदलण्याआधी हात धुतो, तंबाखूचा वास तिला लागू नये. जुनी गोळी शेतात टाकत नाही. नवी अडकवतो, पिशवी झटकून रिकामी करतो, सुतळीची गाठ आवळतो आणि वहीत तारीख लिहितो.