दोघांसाठी एक डाव

शिकायला सोपा, तरी डोकं चालवायला लावणारा, दोघांचा खेळ कोणता? प्रश्न आईमुळे पडला. बाबा गेल्यापासून सिंदीला ती एकटीच. शनिवारी मी नागपूरहून गेलो की जेवणं होतात, आणि मग दोघंही टीव्हीकडे बघत बसतो.

आधी बुद्धिबळ काढलं. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, त्याचं आईला फार कौतुक. पण सहा तऱ्हेच्या मोहऱ्यांच्या चाली ऐकून म्हणाली, "राहू दे रे." सापशिडी सोपी, पण तिथे सगळं फाशाच्या हाती!

मग नवकंकरी. एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य रेषांनी जोडलेले. जागा २४, सोंगट्या प्रत्येकी ९. आळीपाळीने मांडायच्या, संपल्या की रेषेवरून एकेक घर सरकवायच्या. तीन ओळीत जुळल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्या दोनच उरल्या किंवा चालच उरली नाही, तो हरला. झाले नियम! खर्च शून्य: पाटी, खडू, माझी तूर, तिची सरकी.

सोपा म्हणजे पोरकट नव्हे हं. दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे राल्फ गॅसर यांना १९९३ मध्ये संगणकाकडून सोडवून घ्यावं लागलं.

तिसऱ्याच डावात आईने एकच सरकी इकडून तिकडे सरकवत दर चालीला तीन जुळवायला सुरुवात केली. एरवी ताटात आग्रहाने वाढणारी ही बाई माझी तूर निवांत उचलत होती!

तर मंडळी, माझा निकष एवढाच: शिकवणारा लवकर हरला पाहिजे.