नगरच्या थंडीतली पॅन्झी

डिसेंबर, सावेडी. पहाटे गच्चीवर बोटं गारठतात, आणि पॅन्झीला नेमकं हेच हवं असतं. मूळची थंड हवेतली ही फुलं. नगरचा कोरडा हिवाळा त्यांना मानवतो. पाकळ्यांवरच्या काळसर डागांमुळे प्रत्येक फुलाला चेहरा असतो, तोही जरा रुसलेला. मुळं उथळ, म्हणून वीतभर खोल कुंडी पुरते. आमची काळी माती मात्र नुसती चालत नाही. पाणी धरून बसते, मग रोपं बुडाशी कुजतात. शेणखत आणि वाळू मिसळावीच लागते. सुकलेली फुलं रोज खुडते. बी धरू दिलं की फुलणं मंदावतं.

इथल्याच भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ कैदेत असताना नेहरूंनीही फुलांसाठी वाफे खणले. जमीन दगडगोट्यांची, राडारोड्याने भरलेली, असं त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त लिहिलंय. त्यापुढे माझ्या कुंड्या म्हणजे चैनच!

मार्चच्या उन्हात पॅन्झी माना टाकते. सावली करा, पाणी वाढवा, फार उपयोग नाही. तेव्हा सरळ उपटावी आणि त्याच कुंडीत सदाफुली लावावी. पुढचं बी सप्टेंबरअखेरीस पेरायचं.